साठ घरं, एक नाव

इतकी वर्षं झाली, तरी मे महिन्यातली ती एक दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, आणि त्यातलं बरंचसं आता विसरलोही आहे. हे प्रकरण मात्र साध्या चोऱ्यांचं होतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. पण यात चूक आमची होती, आणि त्याहून जास्त माझी होती, म्हणून ते टोचत राहिलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच निरीक्षक झालो होतो आणि नागपुरातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे आला होता. मी मूळचा साताऱ्याकडचा. नागपूरचा तो माझा दुसरा उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्यात ‘पोलिसाला कसलं ऊन लागतंय’ म्हणून मिरवलो आणि नाकातून रक्त आल्यावर आठ दिवस अंथरुणात पडलो. दुसऱ्या वर्षी गुपचूप खिशात कांदा ठेवायला लागलो.

ठाण्याच्या हद्दीत एक नवा लेआऊट होता. साठेक घरं, बहुतेक नोकरदारांची. रेल्वेतले कारकून, पोस्टातले लोक, शाळामास्तर. घरांच्या मागच्या बाजूला सफाईसाठी सोडलेली एक अरुंद गल्ली. तिथे तीन आठवड्यांत पाच चोऱ्या झाल्या, त्याही भर दुपारी, घरात माणसं असताना. कुलूप तुटलेलं नाही, कुणी ओरडलेलं नाही. घरचे चार वाजता उठून चहा ठेवायचे आणि मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की कपाट उघडं आहे, घड्याळ नाही, पैंजण नाहीत.

असं झालं की पोलिसाच्या मनात पहिला संशय येतो तो घरच्याच कुणाचा. मी तसं एक-दोघांना बोलूनही दाखवलं. मग काय, एका घरातली मोलकरीण गेली, एका घरात दीर-भावजयीचं बोलणं बंद झालं. संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा मारणारी माणसं आता शेजारी आला की विषय बदलायला लागली.

अशात आमच्या उपायुक्त साहेबांनी एक नवीन टूम काढली. लोकांनाच विचारा, म्हणाले. सायक्लोस्टाईल केलेला एक फॉर्म आला. घरात माणसं किती, घर केव्हा बंद असतं, कुठल्या रस्त्याने जायला नको वाटतं, गस्तीचा शिपाई दिसतो का, कुणावर संशय आहे का, असे प्रश्न. वर ठळक सूचना, की उत्तरं कुटुंबप्रमुखाने द्यावीत. घरोघर जाऊन हा फॉर्म भरून घ्यायचा आणि मग गस्त कुठे, केव्हा लावायची ते ठरवायचं. मी मनात म्हणालो, चोर पकडायचे की खानेसुमारी करायची? तोंडाने ‘होय सर’ म्हणालो.

फॉर्म भरायला मी आमच्या रायटर हवालदाराला पाठवलं. रायटर म्हणजे ठाण्यातले जबाब, पंचनामे लिहिणारा माणूस. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, कुणाचं पानसुद्धा न खाणारा, आणि अक्षर असं की कोर्टातले कारकून त्याच्या हातचा कागद आला की खूश व्हायचे. तो रोज सकाळी आठला जायचा, कारण त्या वेळी कुटुंबप्रमुख घरात सापडायचे. लोकांनी त्याला सरळ उत्तरं दिली नाहीत. कुणाला वाटलं घरपट्टी वाढणार, कुणाला वाटलं रेशनकार्डातली नावं कापणार. एका निवृत्त मास्तरांनी तर लेखी हुकूम दाखवा म्हणून त्याला फाटकातच उभं केलं.

चौथ्या दिवशी फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी संशयाचा रकाना पाहत गेलो आणि ताठ बसलो. निम्म्याहून जास्त फॉर्मांवर एकच नाव होतं.

ते नाव गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्या इस्त्रीवाल्याचं होतं. चाळिशीचा माणूस, कोळशाची इस्त्री, सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच. एकोणिसाव्या वर्षी रेल्वे यार्डातून तांब्याची तार चोरल्याबद्दल त्याला सहा महिने शिक्षा झाली होती. त्यानंतर वीस वर्षांत त्याच्याविरुद्ध एक अर्जही नव्हता. पण ठाण्याच्या रजिस्टरात एकदा चढलेलं नाव सहसा उतरत नाही.

मी उपायुक्तांना फोन केला. ते म्हणाले, “पाहा, लोकांना सगळं माहीत असतं. आपण विचारत नाही.” मलाही ते पटलं. त्याच दिवशी दुपारी मी त्याला गाडीवरून उचलून आणला.

चौकशीसाठी बोलावलं आहे, असं आम्ही म्हणायचो, आणि स्टेशन डायरीत लगेच नोंद करायचो नाही. तेव्हा असं चालायचं. ते बरोबर नव्हतं, हे तेव्हाही मला कळत होतं.

“कपडे पोचवायला घराघरात जातोस?” मी विचारलं.

“जातो ना साहेब. पन ओट्यावरच देतो. आत नाही जात.”

“कुणाच्या घरात कोण आहे, कोण नाही, तुला माहीत असतं.”

“असते ना. लेआऊट झाला तवापासून तिथंच इस्त्री करून राह्यलो.”

ते उत्तर मला पुरेसं वाटलं. “माल कुठे आहे?”

“मले नाही मालूम.”

मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तो रडला नाही, हात जोडले नाहीत. फक्त म्हणाला, “मी नाही साहेब,” आणि त्यानंतर काही बोलायचाच बंद झाला. न बोलणारा माणूस निर्ढावलेला असतो अशी आमची समजूत. मी शिपायांना म्हणालो, मुरलेला आहे, वेळ लागेल.

संध्याकाळी त्याची बायको ठाण्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. मी बाहेर पडताना उभी राहिली.

“काहून धरलं साहेब यायले?”

“चौकशी चालू आहे.”

“साऱ्या गल्लीत आधीच मालूम होतं म्हनते. कालपासून लोकं कपडे वापस नेऊन राह्यले. तुमचे पोलीसच घरोघरी नाव सांगून गेले म्हनते.” मग डोळे पुसून म्हणाली, “तो कोपरा गेला त आमी खाऊ काय?”

तिचं मधलं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आरोपीच्या घरचे पोलिसांवर काहीतरी ढकलतातच, असं मनात आलं. एवढं सरळ सांगितलेलं ऐकू न येणारा अधिकारी बहिराच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं, तर कागद तयार हवेत. सकाळी हजेरी आटोपून मी फॉर्म घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच ते नीट वाचले. रेल्वेतल्या कारकुनाचं मत होतं, ‘सदर इसमाच्या हालचाली संशयास्पद वाटतात.’ पोस्टमास्तरांचंही तेच. कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारी विधवा राहायची, जबलपूरकडची, मराठीचा एक शब्द न बोलणारी. तिच्या फॉर्मवरही लिहिलेलं, ‘सदर इसमाच्या हालचाली संशयास्पद वाटतात.’ मला आधी हसू आलं. मग ते हसू जिरलं.

मी हवालदाराला बोलावलं. “हे म्हातारीने सांगितलं?”

“तसंच म्हनाली साहेब ते.”

“तू काय विचारलंस ते सांग.”

“साहेब, लोकं काही बोलतच नव्हते. चार घरी त रकाना कोराच राह्यला. मंग मी म्हटलं, थ्या इस्त्रीवाल्यावर त नाही ना संशय? आपल्या रजिस्टरात नाव हाय त्याचं. मंग ते म्हनत, असू शकते. तुमाले मालूम असन त असन.”

“आणि तू लिहिलंस.”

“जबाब जसा लिहितो तसाच लिहिला साहेब.”

तो खोटं बोलत नव्हता. अठ्ठावीस वर्षं त्याने असेच जबाब लिहिले होते. साक्षीदार अडखळला की आपण शब्द पुरवायचा, त्याने मान हलवली की लिहून घ्यायचा. मीही असेच जबाब सही करून पुढे पाठवत आलो होतो. लोकांचा म्हणून जो संशय माझ्या टेबलावर आला होता, तो आमच्याच ठाण्यातून निघून घरोघर फिरून परत आला होता.

नियमाने मी त्या क्षणी इस्त्रीवाल्याला घरी पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही. मनात कुठेतरी अजून घोळत होतं की लोकांनी नाव घेतलं नसेल, पण चोर तोच असेल. पोलिसाचा संशय असा लवकर सुटत नाही.

कोर्टाचा कागद बाजूला ठेवून मी साधे कपडे घातले, कोरे फॉर्म घेतले आणि दुपारी दोनला सायकलवरून एकटाच त्या लेआऊटमध्ये गेलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पहिल्या घराची कडी वाजवली. कुणी आलं नाही. दुसऱ्या घरी दारावर मूठ आपटली, हाका मारल्या. आत माणसं आहेत हे दिसत होतं, चपला बाहेर होत्या. तरी कुणी आलं नाही. मी बाजूने मागच्या गल्लीत गेलो, तेव्हा कळलं. प्रत्येक घराच्या एका खिडकीत कूलर होता आणि सगळे एकदम घरघरत होते. त्या आवाजात मी सबंध घर उचलून नेलं असतं तरी आत कुणाची झोप मोडली नसती. नागपुरात दुसरा उन्हाळा काढत होतो, पण दुपारी दोनला मी नेहमी ठाण्यात पंख्याखाली असायचो.

चौथ्या घरी दार उघडलं. रेल्वेतल्या कारकुनाची बायको, पन्नाशीची, डोक्यावर ओला टॉवेल. याच घरातून पैंजण गेले होते. तिने दार अर्धंच उघडून धरलं.

“कोन पाह्यजे?”

मी पोलीस असल्याचं सांगितलं.

“पोलीस म्हनता, मंग डरेस कुठी हाय?”

ओळखपत्र दाखवलं, ते तिने उलटंसुलटं करून पाहिलं, तरी मला आत घेतलं नाही. मी ओट्यावरच बसलो. म्हटलं, फॉर्मबद्दल विचारायचं आहे.

“तो त भरून नेला ना सकाळी. यायले इचारून.” म्हणजे नवऱ्याला. “हे त दुपारी हापिसात राह्यते. यायले काय मालूम दुपारी घरात का होते? घरात राह्यतो आमी, अन् इचारता यायले!”

“मग तुम्ही सांगा.”

आणि ती सांगायला लागली. दुपारी सगळं घर कूलरच्या खोलीत निजतं. बाकीच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, तिकडे कुणी फिरकत नाही. पुढच्या दाराला आतून कडी. मागचं दार मात्र नुसतं लोटलेलं.

“लोटलेलं का?”

“कूलरमंधी पानी नाही टाका लागत का? घडी घडी कोन कडी काढन? बाल्टी भरली का टाकली.” मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “तुमच्याकडं कूलर नाही का साहेब?”

कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या गवताच्या चौकटी असतात, त्यांना इकडे ताट्या म्हणतात. दर उन्हाळ्यात नवीन बसवाव्या लागतात. मी विचारलं, यंदा बसवल्या का. बसवल्या होत्या. त्यासाठी एक माणूस सायकलवरून येतो, घरात सगळीकडे फिरतो, कूलर कुठल्या खोलीत ठेवायचा ते त्यालाच विचारतात. ‘त्याच्यावर संशय आहे का?’ हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. पुढच्या तीन घरांतही कडी वाजवून वाजवून बायकांना उठवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण कुणाचं नाव माझ्या तोंडून काढलं नाही. चारही घरी दुपारची हकिगत तीच होती, आणि ताट्या बसवणाराही एकच होता.

पण तो तर साठही घरी गेलेला. एवढ्यावरून त्याला धरायचं, तर कालच्यापेक्षा वेगळं काय करणार होतो? दुपारी गल्लीत कोण येतं-जातं हे पाहणारं कुणीतरी हवं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी आलो. मे महिन्यातल्या दुपारी त्या साऱ्या लेआऊटमध्ये एकच माणूस घराबाहेर, जागा आणि डोळे उघडे ठेवून उभा असायचा. त्याची गाडी कडुनिंबाखाली रिकामी होती, कारण तो माझ्या कोठडीत होता.

ठाण्यात येऊन मी त्याला माझ्या खोलीत आणवलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाण्याला त्याने हात लावला नाही.

“त्या कोपऱ्यावरून दुपारी काय काय दिसतं?” मी विचारलं.

“मले काही नाही दिसत साहेब.”

“तुझ्याबद्दल विचारत नाही. गल्लीबद्दल विचारतोय.”

त्याने माझा चेहरा न्याहाळला. मी कुठला डाव टाकतोय ते शोधत असावा. मग म्हणाला, “नाव मी नाही सांगनार. तुमी त्यालेबी असंच आनसान, अन् मंग त्याची बायको बी थ्या पायऱ्यायवर येऊन बसन.”

मला लाज वाटली. इतकी लाज मला वरिष्ठांसमोरही कधी वाटली नव्हती.

“नाव नको सांगू. दिसलं तेवढंच सांग.”

“ताट्या बसवनारे सकाळी येते साहेब. धाच्या आत. दुपारी चालू कूलर बंद करून कोन ताट्या बदलू देईन? लेकरं बोंबलते, म्हातारे वरडते. पन एक सायकल मले दुपारी दिसली. मागच्या गल्लीत, तीनदा. मागं पोतं बांधलं होतं. गवताचं पोतं फुगून राह्यते. ते पोतं फुगलं नव्हतं.”

“हे काल का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं कुठी? तुमी त म्हनून राह्यले होते, माल कुठी हाय.”

त्याच वेळी मी त्याला घरी पाठवलं. त्याच्या बायकोने पायरीवरची पिशवी उचलली आणि माझ्याकडे न पाहता ती त्याच्या मागे चालायला लागली.

पुढचं सोपं होतं. मागच्या गल्लीलगतच्या रिकाम्या प्लॉटवर दोन शिपाई साध्या कपड्यांत बसवले. चौथ्या दुपारी ताट्या बसवणारा एका घराच्या मागच्या दारातून पोतं घेऊन बाहेर पडताना सापडला. पोत्यात ट्रान्झिस्टर होता. पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली, तिथे बहुतेक मुद्देमाल मिळाला, पैंजणसुद्धा. विचारल्यावर तो न मारता, न दमावता बोलला. “कूलर बोलून राह्यला तोपर्यंत घर झोपून राह्यते साहेब. त्यानं तोंड मिटलं का आपन बाहेर.” पाणी संपलं की कूलर गरम हवा फेकतो, वीज गेली की थांबतो, आणि माणसं जागी होतात. त्याने एवढंच शास्त्र पाळलं होतं.

उपायुक्तांनी अहवाल मागवला. सर्वेक्षणामुळे गुन्हे उघडकीस आले, असं त्यात लिहिलं गेलं आणि ठाण्याला शाबासकी मिळाली. पहिल्या गठ्ठ्याचा उल्लेख अहवालात नव्हता. मीच केला नाही.

शाबासकीचं पत्र आलं त्या दिवशी मी हवालदाराला म्हणालो, “ज्या ज्या घरी नाव घेतलंस, त्या त्या घरी जायचं आणि सांगायचं की नाव चुकीचं होतं.” त्याचा चेहरा पडला, पण तो गेला. पूर्ण वर्दीत, उन्हातान्हात, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी परत आला आणि टोपी काढून समोर उभा राहिला.

“साहेब, लोकं आयकते अन् हासते.”

“हसतात कशाला?”

“इचारते, कितीत जमवलं इस्त्रीवाल्यानं? ते मास्तर म्हनाले, नव्हता त धरला काहून, अन् धरला त सोडला काहून?” मग टोपीकडे पाहत म्हणाला, “नाव सांगितलं तवा कोनी एक सवाल नाही केला साहेब.”

मग मी स्वतः गेलो. माझ्यासमोर सगळे म्हणाले, बरोबर आहे साहेब, आम्हाला काही त्याच्याबद्दल नव्हतंच. आणि दारं लागली. ज्यांनी खऱ्या चोराला न बिचकता घरभर फिरू दिलं होतं, ते पोलीस एकाला निर्दोष म्हणतो म्हणून बिचकले. पंधरा दिवसांत शेजारच्या वस्तीतला दुसरा इस्त्रीवाला घरोघर फिरून कपडे न्यायला लागला.

पुढे मी ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे तिथे लोकांना विचारायची पद्धत चालू ठेवली, कारण ती चांगली आहे. गस्तीच्या वेळा मी बायकांना, दुकानदारांना, फेरीवाल्यांना विचारून ठरवल्या आणि त्याचा उपयोगही झाला. फॉर्मवरचा कुटुंबप्रमुख खोडला. संशयाचा रकाना ठेवला, पण आपल्या तोंडून कुणाचंही नाव घ्यायचं नाही, असा ठाण्यात हुकूमच होता. नव्या फौजदारांना हे सांगताना मी इतका चिडायचो की त्यांना माझं काहीतरी वैयक्तिक असावं असं वाटायचं. होतंच तसं. आपण विचारतो तेव्हा वर्दीही विचारते, आणि समोरचा उत्तर देण्याआधी वर्दीला काय हवंय ते ताडतो. हे मला त्या साठ घरांनी शिकवलं, पण त्याची किंमत मी दिली नाही.

जून लागला तेव्हा एका सकाळी मी तिकडून चाललो होतो. इस्त्रीवाला गाडीवर सामान बांधत होता. कोळशाचं पोतं, इस्त्री, पाण्याचा डबा. बायको पुढे निघून गेली होती. मी सायकल लावून त्याच्याजवळ गेलो.

“कुठे निघालास?”

“पाहतो साहेब. इतवारीकडं कुठी जागा भेटली त.”

“थांब चार दिवस. मी पुन्हा एकदा साऱ्यांना सांगतो. हवं तर इथे ओट्यावर सगळ्यांना बोलावून सांगतो.”

“नका सांगू साहेब,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. “हा चोर नाही म्हनून सांगाले पोलीस घरोघरी फिरते, असा मानूस कोनी गल्लीत ठेवते का?”

गाडीचं चाक कडुनिंबाच्या मुळीत अडकलं होतं. मी मागून जोर लावायला वाकलो, तर त्याने हात आडवा केला.

“राहू द्या साहेब. लोकं पाहून राह्यले.”